पट्टीवरचं नाव

मंगळवार, संध्याकाळ, गोडादरा

डोकं ठणकतंय. तिकीट लावून होणाऱ्या जुन्या फ्रीस्टाईल कुस्त्यांच्या धंद्यावरचा आमचा माहितीपट उद्या पहिल्यांदा दाखवायचा आहे. त्यात बाई पैलवान एकच, आमच्या गल्लीतली सुमन मावशी. पडद्यावर तिच्या चेहऱ्याखाली नावाची पट्टी येते, ‘पंजाबची शेरनी’. मावशी तर शिरपूरची! खानदेशी बाईला बघायला कोण येणार, म्हणून तेव्हाच्या कुस्त्यांच्या मालकाने तिला पंजाबी केलं. मग आपणही तेच करायचं?

विचारलं तर आमचे दिग्दर्शक हर्षभाई म्हणाले, “अरे बेन, हर स्टेट का पहलवान दिखाना है. एक पट्टी में लेडीज भी आ गई, पंजाब भी. तेरी मौसी शिरपुर की हो गई तो मैं पंजाब कहाँ से लाऊँ?”

सगळे हसले. मीही हसले. का हसले मी?

मावशी म्हणाली होती, “आते तरी मन्हं खरं नाव टाक वं माय.”

पप्पा कापडाच्या लूमवर सगळ्यांना सांगत असतात, पोरगी ऑफिसात लागली. नोकरी गेली तर?

पट्टी बदलली. ‘सुमनबाई, शिरपूर.’ उद्याच्या शोसाठी फाईल पाठवूनही दिली. ओरडू देत हर्षभाई. मावशी उद्या पुढच्या खुर्चीत बसणार आहे, आणि तिला वाचता येतं ते एवढंच, स्वतःचं नाव.