भाऊजींनी म्हणायला लावलेलं देवीचं गाणं

पंचवटी, शुक्रवार, सन १९३५

भाऊजींना कितीदा सांगायचं? दिंडोरी-घोटीकडची गाणी जमवणारी मंडळी इथं एकत्र बसणार, म्हणून त्यांच्या मेळाव्यात मी देवीचं गाणं म्हणायचं. अंगावर देवीचे फोड आलेल्या लेकराच्या उशाशीच ते म्हणतात. उगाच म्हटलं तर देवीला घरी बोलावणंच ते.

"वहिनी, दोनच ओळी. चाल तरी कळू द्या," म्हणून सकाळी डोकं खाल्लं. टळेल एकदाचा म्हणून म्हटल्या.

आता नातीचं कपाळ गरम लागतंय. चुलीजवळ खेळत होती, त्यानं असेल? परत हात लावून आले. गरमच आहे.

मेळावा गेला चुलीत. आई, चुकून हाक मारली मी, पोरीनं नाही. ताप आल्यावर चार दिवसांत फोड उठतात; दारावरून परत जातेस की नाही, मंगळवारपर्यंत मला सांग.