गोड्या पाण्याची आंघोळ

गोराई,
२ नोव्हेंबर २०२४

प्रिय व्हर्नन,

तुला आणि अक्षताला माझी आठवण. मुलुंडला तुमचं बरं चाललं असेल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. माझा नंबर बंद करून बसलायस म्हणून हा कागद. आपल्या आत्याच्या फ्लेवियाचं ऑफिस तुमच्या बाजूलाच आहे, तिच्या हाती पाठवतेय. न वाचता फाडायचं असेल तर तिच्यासमोर फाडू नकोस. तिचं तोंड तुला माहीत आहे, संध्याकाळच्या बोटीत सगळ्या गावाला कळेल.

इकडे सगळं ठीक. आज मेलेल्यांचा दिवस, म्हणून मम्माच्या कबरीवर फुलं घालून आले. तुझ्या नावाचीही मेणबत्ती लावली. वाऱ्याने नेमकी तीच विझली, मग पुन्हा लावली. पापा बरे आहेत.

तुझे मासे मेले. सगळे. दोन्ही क्लाऊन गेले, आणि तू ज्याला त्याच्या जांभळ्या रंगावरून बिशप म्हणायचास तो टँगही गेला. टाकी पुढच्या आठवड्यात नेतो म्हणून गेलास, ते गेलासच. इतके दिवस मीच मीठ कालवून त्यांचं पाणी बदलत होते, तुला शिव्या घालत. पण जीव लावला होता रे. त्यामुळे माझ्या हलगर्जीपणाने मेले असं समजू नकोस.

पावसाळा सरता सरता बिशप दगडांवर अंग घासायला लागला. डोळे धुरकट झाले, धापा टाकू लागला. मला तुझं शिकवणं आठवत होतं. समुद्राच्या माशाला किडे चिकटले की त्याला काही मिनिटं गोड्या पाण्यात धरायचं. मासा तेवढा वेळ तग धरतो, किडे मात्र मरतात आणि तिळासारखे पांढरे होऊन तळाशी पडतात. पाणी टाकीइतकंच कोमट हवं. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. मागच्या दारच्या विहिरीचं, आपल्या बावीचं घ्यायचं. तू ही आंघोळ घालायचास तेव्हा पापा स्वतः कळशी ओढायचे आणि आल्यागेल्याला ऐकवायचे, "आमची बाव डॉक्टर हाय!"

मी अगदी तसंच केलं. पूर्वी तुझ्या बादलीत मासा आडवा पडायचा, माझा जीव वरखाली व्हायचा, आणि तू म्हणायचास, "घाबरू नको गं, काढू नको." या वेळी बिशप आडवा झालाच नाही. मावशीकडे राहायला आल्यासारखा फिरत राहिला. तळाशी एकही तीळ नाही. पापा दारात उभे होते. म्हणाले, "बघ, आपले पान्यात मासा पन खूश!" मलाही बरं वाटलं. पुन्हा घातली आंघोळ, क्लाऊननाही घातली. नंतर एकेक करून सगळे तरंगले.

टाकी रिकामी करताना तुझी ती खारेपण मोजायची नळी बावीच्या पाण्याने धुतली आणि सवयीने डोळ्याला लावली. आतली रेघ शून्यावर हवी होती, ती वर होती. पुन्हा धुतली, पुन्हा तेच. मग माझ्या फिल्टरच्या पाण्याचा थेंब ठेवला, तर रेघ बरोब्बर शून्यावर. शेवटी बावीचं पाणी तोंडात घेतलं.

खारं आहे, व्हर्नन. समुद्राइतकं नाही, पण गोडही नाही. खाडी आत शिरलीये आणि आम्हाला पत्ता नाही. म्हणून तर त्या आंघोळीत बिशपही मजेत राहिला आणि त्याचे किडेही. कावीळ झाल्यापासून मी फिल्टरचंच पिते, बावीचं फक्त धुण्याभांड्याला. साबणाला फेस येत नव्हता, तर मी साबण बदलत बसले. अळूची पानं कडेने करपली, तर खताला दोष दिला.

म्हणजे अक्षता खरं बोलली होती.

तो दिवस मी विसरलेले नाही. लग्नाच्या आदल्या दिवशीचं उंबराचं पाणी. बँड लावून बायका बावीवर गेल्या, तुम्हा दोघांच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत आणलं. आत्याने मस्करीत अक्षताच्या ओंजळीत ओतलं, "घे, सासरच्या पान्याची चव घे." बिचारीने घोट घेतला आणि हसून म्हणाली, "थोडं खारट आहे ना?" तिच्या मनात काय वाईट होतं? पण बँड थांबला आणि पापांचा चेहरा असा झाला, जणू तिने मम्मालाच नावं ठेवली. "बाहेरची पोर, आमचे बावला खारी बोलते! शब्द मागे घे, मगच या घरात ये." तू म्हणालास, शब्द मागे घेऊन ती खोटं बोलणार नाही. चर्चमधलं लग्न उरकून तुम्ही जे गेलात ते गेलात.

आता ऐक. वर पापा बरे आहेत असं लिहिलंय ते खोटं आहे.

पापांच्या किडन्या गेल्या आहेत. प्रेशर कधीचं वाढलेलं होतं, डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. मी बरणी माळ्यावर टाकली. भात, आमटी, बोंबील, सगळं अळणी. तरी प्रेशर उतरेना. डॉक्टर माझ्यावर ओरडायचे, मी पापांवर, आणि पापा रुसून बाहेर जायचे नि बावीचं पाणी तांब्याने प्यायचे. रोज. मी ताटातलं मीठ काढत होते आणि ते तांब्यातून घेत होते. बोरिवलीच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फाइलवर 'विहिरीचं पाणी बंद' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

दोन-तीनदा डायलिसिस झालं. मग पापा म्हणाले, "मना घरी ने, मशीनवर मराचा नाय." आणलंय. डॉक्टर म्हणाले, फार दिवस धरू नका. पाणी अगदी थोडं, घोट घोट द्यायचं. आणि व्हर्नन, त्यांना फक्त बावीचं पाणी हवं असतं.

मी काय केलं असतं? बाटलीतलं पाणी त्यांच्या तांब्यात ओतून "बावीचं आहे" म्हणून दिलं. घोट घेऊन डोळे मिटले आणि म्हणाले, "बघ, कसा गोड हाय. ती पोर खोटी बोलली." पुढच्या घोटाला तेच. मरणाला टेकलेला माणूस माझ्या हातून पाणी पितोय आणि प्रत्येक घोटाला अक्षताला खोटी ठरवतोय. दया म्हणून केलं, आणि तिचीच मान कापत बसले.

काल मला राहवलं नाही. खरंच बावीवर गेले, खरंच कळशी ओढली, तांब्या त्यांच्या ओठाला लावला. एवढे दिवस हॉस्पिटलचं आणि बाटलीचं पिऊन त्यांची जीभ जागी झाली असणार. त्यांनी थुंकून टाकलं. "खारा हाय!" अगदी अक्षतासारखंच, लगेच, न विचार करता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आता त्यांना कळलं, आता ते तिला बोलावतील.

ते म्हणाले, "हा आपले बावचा नाय. तू मना खाडीचा पानी पाजते. तिनं तुला फितवली."

तेव्हापासून माझ्या हातून पाणी घेत नाहीत. चमचा लावला की दात आवळतात. ओठ फुटले आहेत. ओला कपडा फिरवते तर तोही झटकतात. आज सकाळपासून एकच चाललंय, "व्हर्ननला बोलाव. तो आनील आपले बावचा." मला फार राग येतो रे, त्यांचा आणि तुझाही, आणि त्यांचे ओठ बघितले की तो राग कुठे ठेवू समजत नाही.

म्हणून ये. अक्षताला घेऊन ये. ती नाही म्हणाली तर मी तिला बोल लावणार नाही, पण तिला हे पत्र वाचायला दे. तांब्या खाटेशेजारी धुऊन ठेवलाय. जेट्टीवरून येताना बाटली घ्यायची की मागच्या दारी जाऊन कळशी ओढायची, ते तुम्ही दोघांनी ठरवा. तांब्यात काय भरलंत ते मी विचारणार नाही. पण त्यांना तहानलेलं जाऊ देऊ नका.

तुझी बहीण, जिच्या हातचं पाणी पापांना चालत नाही,
ॲनेट