उन्हाळ्याचा सा

मुकुंदवाडी,
गुरुवार, १४ मे

प. पू. गुरुजी,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. काकूंनाही माझा नमस्कार सांगा.

काल तालमीहून परतताना रिक्षात तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, म्हणून रुसून लिहितेय असं समजू नका. भर दुपार आहे, लाइट गेलीय, आणि खोलीचा पत्रा असा तापलाय की वर भाकरी टाकली तर भाजून निघेल. अशा वेळी शहाणी माणसं डोळ्यांवर ओला पंचा घेऊन पडतात. मी कागद घेऊन बसलेय.

हे परदेशी वादक आले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, ही साठ माणसं मे महिन्यात आपल्या गावात टिकायची नाहीत. टिकली की! ढोल वाजवणारा तो कोरियन मुलगा रोज नान-खलिया खातो, नाक पुसतो आणि अजून मागतो. व्हायोलिनवाल्या दोघी जर्मन मुली डोक्याला पंचा गुंडाळून तालमीला येतात, अगदी आपल्या बाजारात बसणाऱ्या बायांसारख्या. आपले कडुबादादा त्यांच्याशी बासरीतूनच बोलतात, त्यामुळे इंग्रजीचा प्रश्नच मिटला. आणि हेनिंगसाहेब, हातातल्या काडीवर साठ जणांना नाचवणारा तो माणूस, तुम्ही हॉलमध्ये आलात की उठून उभा राहतो. तुमच्या यमनभोवती त्यांनी अख्खी रचना बांधलीय.

परवा, शनिवारी संध्याकाळी, दौलताबादच्या पायथ्याशी तुम्ही मधोमध बसाल, मागे हा सगळा वाद्यवृंद आणि समोर सगळं शहर. क्रांती चौकात तुमचा फोटो लागलाय, मी रोज रिक्षातून मान वळवून बघते. देवगावहून आमचे आप्पाही येणार आहेत. मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर टाकून आप्पा गाणं ऐकायला येतायत, ही गोष्ट आमच्या घरात लग्नकार्याएवढी मोठी आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण हल्ली तुम्ही फोन घेता आणि लगेच काकूंच्या हातात देता. रेंज नाही म्हणता. काकूंना मात्र बरोबर रेंज येते.

बघा, मी इकडचं तिकडचंच लिहितेय. समोर असते तर तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणाला असतात, आलाप पुरे, बंदिश धर.

धरते.

मारेटबद्दल लिहायचं आहे. ती एस्टोनियाची उंच मुलगी, जी ओबो वाजवते, आपल्या सनईच्या घरातलं ते काळं वाद्य. त्यांच्याकडे तालीम सुरू होताना ती एकटी सूर देते आणि सगळे तिच्याशी आपापलं वाद्य मिळवतात. मोठे, लहान, स्वतः हेनिंगसाहेबसुद्धा तिच्याकडे बघत थांबतात. तुमच्या आलापातही तीच एकटी सा धरून असते. काल तुम्ही आलाप मधेच तोडलात, तिच्याकडे बोट केलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "या मुलीला सूर नाही. हिला बाजूला करा." मराठीत म्हणालात, पण बोटाला भाषांतर लागत नाही. संध्याकाळी अभय सरांनी कार्यक्रमाच्या समितीच्या वतीनं तिला सांगितलं, पंडितजींचा मान राखायचा म्हणून शनिवारी तुम्ही या रचनेत बसू नका.

ती माझ्याकडे आली. मला वाटलं रडेल, भांडेल. मी भांडायच्या तयारीत होते, मला ते बरं जमतं. ती म्हणाली, "मला तो तुमचा उन्हाळ्याचा सा शिकव. मी शिकेन."

गुरुजी, उन्हाळ्याचा सा असं काही नसतं. ते मी बनवलंय.

मंगळवारी तालमीनंतर हेनिंगसाहेबांनी मला एकटीला गाठलं. फार अदबीनं विचारलं, आम्ही उतरतोय का पंडितजी चढतायत? मला उत्तर माहीत होतं. पण तुमच्याबद्दल तसं बोलायला माझी जीभ रेटेना. म्हणून मी सांगितलं, आमच्याकडे उन्हाळ्यात सा थोडा वर जातो, जुनी पद्धत आहे. थापच ती! एखाद्या आपल्या माणसानं मला तिथल्या तिथं हसून घालवलं असतं. त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पट्टी चढवायला लावली. व्हायोलिनच्या तारा तुटल्या, कडुबादादांनी कपाळाला हात लावला, आणि बिचाऱ्या मारेटनं ओबोच्या तोंडाची पत्ती कापून कापून सूर वर न्यायचा प्रयत्न केला. लाकूड किती ताणणार? त्यातून किंचाळीच निघाली. आणि तुम्ही त्या चढवलेल्या पट्टीच्याही वर गेलात.

आता लिहितेच.

गाणं सुरू होताना तुमचा सा जागेवर असतो. मग हळूहळू तो वर सरकायला लागतो. तुम्हाला ते कळत नाही, कारण तुम्हाला नीट ऐकू येत नाही. मागच्या वर्षी रामनवमीच्या बैठकीत मला पहिल्यांदा जाणवलं. मी मागे तंबोऱ्यावर होते. तुम्ही चढलात आणि माझा हात आपोआप तारेच्या मण्याकडे गेला. मणी सरकवून मी तंबोरा तुमच्या सुराला नेऊन मिळवला. कुणाला काही कळलं नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत मी तेच करतेय. तबलावाले काय, हातोडी मारून तबला चढवून घेतात. पेटीला मात्र चढता येत नाही, म्हणून विश्वजीतदादांना मीच कळवलं की गुरुजींना आता पेटी नको आहे. ते अजून तुमच्यावर नाराज आहेत. दुसरा तंबोराही मीच बंद केला. तुम्ही कौतुकानं म्हणालात, "सत्यशीला एकटी दोघींचं काम करते."

तुम्हीच शिकवलंत, शिष्याचा सूर गुरूच्या सुराला मिळाला पाहिजे. मी मिळवत राहिले. तुम्ही कुठं चाललात हे मी बघितलं नाही, मागोमाग जात राहिले. याला मी भक्ती समजत होते. पण साठ माणसांना मणी कुठून लावू? ती माणसं तुमच्या मागे यायला तयार आहेत, आपली वाद्यं मोडून यायला तयार आहेत, आणि त्यात एका मुलीची खुर्ची गेली जिचा सूर बरोबर होता.

सकाळी आप्पांना फोनवर सांगितलं. वाटलं, ते म्हणतील मोठ्या माणसाच्या वाटंला जाऊ नको. पण ते म्हणाले, "व्हय, गुरुजी लई मोठे हायेत. पर मंग त्या पोरीचं काय चुकलं?"

फोन ठेवला आणि मी कागद शोधायला उठले.

उद्या शेवटची तालीम आहे. तालमीआधी मी हेनिंगसाहेबांना गाठून खरं काय ते सांगणार आहे. मी आधी त्यांना सांगितलं आणि तुम्हाला तिसऱ्याच्या तोंडून कळलं, असं होऊ नये म्हणून हे पत्र. तोंडावर सांगायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "काय पुटपुटतेस?"

हे पत्र मी स्वतः आणून काकूंच्या हातात देईन आणि उंबऱ्यातूनच परत फिरेन. तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत नाही. शनिवारी गाऊ नका असं मी म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. मला दार बंद केलंत तरी मी तक्रार करणार नाही. पण मारेट तिच्या खुर्चीवर बसली पाहिजे.

तुम्ही रागावणार याची भीती वाटते. तुम्हाला दुःख होणार याची जास्त वाटते.

अजून म्हणू द्याल तर, तुमची शिष्या
सत्यशीला


समर्थनगर,
शुक्रवार, सकाळ

सत्यशीला,

अनेक आशीर्वाद. सवयीनं लिहिलं, राग गेला म्हणून नव्हे.

काल चष्मा सापडेना, म्हणून तुझं पत्र मीनाक्षीला, तुझ्या काकूला, वाचून दाखवायला सांगितलं. ती वाचायला लागली. मी म्हटलं, जरा मोठ्यानं. थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं, अगं, मोठ्यानं वाच ना. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा तिनं कागद मांडीवर ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, कुणी गेल्याची बातमी आहे.

मग चष्मा शोधून स्वतः वाचलं. वाचून संपलं तेव्हा तुला पुन्हा घरात घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. अनंतरावाचा सूर चढतो म्हणे! संध्याकाळी तिरमिरीत पेटी काढली, मीनाक्षीला काळी एक धरायला लावली आणि गायला बसलो. चांगला लागला होता आवाज, निदान मला तसं वाटलं. डोळे उघडून पाहिलं तर ती मान खाली घालून भाता हलवत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्यापासून पुष्कळ वेळा तोंड फिरवलं असेल, माझ्या गाण्यापासून कधी नाही. मी विचारलं, किती चढलोय? काळी एकवरचं बोट उचलून तिनं पुढच्या पांढरीवर ठेवलं.

रात्री जेवलो नाही. एवढंच सांगतो, बाकीचं विचारू नकोस.

अभयला फोन केला, म्हणजे मीनाक्षीनं केला. त्या मुलीची खुर्ची जागेवर राहील. आज तालमीत मी तिची माफी मागेन, सगळ्यांसमोर, कारण अपमानही सगळ्यांसमोरच केला होता. हेनिंगना तू काही सांगायचं नाहीस. कान माझे आहेत, मी सांगेन. पट्टी उतरवून पहिल्या जागी आणायलाही मीच सांगेन. विश्वजीतकडे पुढच्या आठवड्यात जाईन.

तुझं मात्र मी विसरणार नाही. इतके महिने माझ्या पाठीमागे बसून तू मला सांभाळत होतीस आणि मी ऐटीत गात होतो. एकदा हात थांबवायचा होतास. मला लाज वाटली असती, चारचौघांत वाटली असती, पण मग ती माझी मला पेलता आली असती. एका परक्या मुलीची खुर्ची जाईपर्यंत ही गोष्ट पोचायला नको होती. शिष्याचा सूर गुरूच्या सुराला मिळावा हे मीच शिकवलं, खरं आहे. पुढचं शिकवायचं राहिलं असेल तर तो दोष माझा.

शनिवारी मी गाणार आहे. न गाता घरी बसलो तर पुन्हा कधी बसणार नाही बैठकीला, हे मला माहीत आहे.

तंबोरा दुसऱ्या कुणाच्या हाती दे. तू माझ्या मागे बसायचं नाहीस. समोर बस, अगदी पुढे, डोळे उघडले की मला तुझा हात दिसेल अशी. सूर चढायला लागला की हात खाली आण. मी उतरेन. पदराआड लपवून करू नकोस, उघड कर. लोक बघतील. तुझे आप्पा बघतील, हेनिंग बघतील, ती मुलगी बघेल. बघू देत.

मला भीती वाटते आहे, सत्यशीला. गाण्याला बसताना ती मला कधी वाटली नव्हती. आयत्या वेळी माझी कीव येऊन तुझा हात वरच राहिला, तर मला ते कळणारसुद्धा नाही.

आजवर तुला जे सांगितलं ते आज्ञा म्हणून सांगितलं. हे मागतो आहे.

अनंतराव