अकरा मीटरवरचा तळ

ल्युब्लियाना, १२ नोव्हेंबर

आदरणीय सिल्वाबाई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? काल मार्तिनचा सण झाला. यंदा बदक मी भाजलं. बायको म्हणाली, "बुटाचं कातडं याहून मऊ असतं." तरी पोरांनी फस्त केलं.

बातमी चांगली आहे. दलदलीतला आपला वृद्धाश्रम दहा वर्षांत किती खचला, याची मोजणी झाली. चारही कोपऱ्यांत मिळून फरक फक्त चार मिलिमीटरचा. शेजारचं गोदाम एव्हाना एका अंगाला वीतभर खचलंय. मी आकडे तीनदा तपासले आणि खरं सांगतो, मला रडू आलं. काय डोकं आहे तुमचं.

इमारतीच्या वजनाइतकी माती तळघरासाठी आधीच उपसून टाकायची आणि मग राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा एकच सलग तराफा, ओतायचा, म्हणजे खालच्या गाळाला नवा भार जाणवतच नाही. "चिखलात घर बांधू नये बाळा, होडी बांधावी," असं तुम्ही म्हणायचात. आम्ही पाठीमागे हसायचो.

या कामासाठी अभियंता मंडळ शुक्रवारी सत्कार करतंय. माझा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते. माती तपासायला घेतलेल्या पहिल्या बोअरची नोंद आठवत असेल: 'अकरा मीटरवर कठीण तळ.' त्या दिवशी मी साइटवर गेलोच नव्हतो. ड्रिलवाल्या हामदियानं फोनवर सांगितलं, "तळाला लागलो." त्या लोकांत याचा अर्थ, आजच्यापुरतं भोक इथवर. मी समजलो, दलदल संपली. तेवढ्यावर पत्रक भरलं, सही ठोकली आणि मोकळा झालो.

पायाचे नकाशे निघाल्यावर तुम्ही मातीच्या नमुन्यांच्या पेटीतली सगळ्यात खालची चिमूट दाताखाली धरलीत. "शंखांची कचकच आहे. ही गोगलगायींची माती, जुन्या तळ्याचा मऊ गाळ, येर्नेय. तळ अजून लांब आहे." आधीच्या नकाशातल्या एवढ्या रुंद राफ्टचा दाब त्या गाळापर्यंत सहज पोचला असता आणि म्हातारी माणसं कलत्या जमिनीवर राहिली असती. चाळीस मीटरपर्यंत पुन्हा बोअर घेतला, पाया तुम्ही नव्यानं, होडीसारखा आखलात. काम चार महिने रखडलं.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "ही चूक कोणाची?"

तुम्ही म्हणालात, "माझी. नोंद मी तपासायला हवी होती." आणि टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिलात.

तुमची रवानगी नकाशांच्या खोलीत झाली. तुमची जागा मला मिळाली. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की बाईंनीच गप्प बसवलं. ते खोटं आहे. मला गप्पच बसायचं होतं.

शुक्रवारी मानपत्र घेण्याआधी ती नोंद मी सगळ्यांसमोर वाचणार आहे, खालच्या सहीसकट. पाया कोणाचा, तेही सांगणार आहे. तुम्हाला निमंत्रण आलं असेल. जरूर या. फक्त माझ्या शेजारी बसू नका.

तुमच्या खुर्चीत बसलेला,
येर्नेय