माती पास झाल्याशिवाय

५ जानेवारी २०२५, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प. चार दिवस उशिरा, पण पक्का. फेब्रुवारीत माझं सोलो प्रदर्शन, राहत्या घरात. लेकीनं, प्रज्ञानं, पुण्याहून मोबाईलवर दाखवलं होतं, हल्ली मोठ्या शहरात गॅलरी मुद्दाम घरासारखी सजवतात. सोफ्याशेजारी शिल्प, कपाटावर शिल्प. म्हटलं, देवळाली प्रवरात आपल्याकडं तर ओरिजिनल घरच आहे. जूनपासून निम्मं रिकामंही आहे.

जयमाला राहुरीला बहिणीकडं गेली त्याला सात महिने झाले. भांडण वगैरे काही नाही. बावीस वर्षांचा संसार, आणि जाताना म्हणते काय, तर तुम्ही मेलेल्या माणसांचे फोटो दिवसदिवस न्याहाळता, माझ्याकडं मान वर करून बघत नाही. आता फोटो न्याहाळल्याशिवाय पुतळा होतो का? तिच्या बहिणीच्या शिलाईच्या दुकानात ती रमली असं लोक म्हणतात. लोकांचं काय! प्रदर्शन बघायला येईल आणि राहील.

९ जानेवारी
मेन पीस ठरला. जयमालाचाच अर्धपुतळा. सरप्राइज. फोटो घेणार नाही. फोटो परक्या माणसाला लागतो.

१२ जानेवारी, सकाळी
मातीला हात घातला. कपाळ झकास. नाकापाशी अडलो. गालावरचा तीळ डावीकडं, एवढं नक्की. पण तिच्या डावीकडं की बघणाऱ्याच्या? तूर्त तीळ ठेवलाच नाही. शेवटी टेकवू.

१४ जानेवारी
फक्त खात्री करावी म्हणून मोबाईल चाळला. चार हजारांवर फोटो. जयमाला एकूण सात. पैकी सहांत ती पुतळ्याशेजारी पट्टी धरून उभी, उंची कळावी म्हणून. पुतळे फ्रेममध्ये पूर्ण बसलेत. तिचा हात आलाय, पदर आलाय. सातवा हलला आहे.
फोटोग्राफी हा माझा विषय नव्हेच.

१९ जानेवारी
प्रज्ञाचा फोन. सहज विचारल्यासारखं विचारलं, आईची चमकी कोणत्या नाकपुडीत गं? ती म्हणाली, पप्पा, मम्मीनं चमकी काढून सहा वर्षं झाली. आणि चार वर्षांपासून तिला चष्मा आहे. का विचारताय? मी म्हटलं, एक सरकारी फॉर्म भरतोय.
चमकी तशीच ठेवली, चांगली बसली आहे. चष्मा नको. कंटेम्पररी कामात इतका तपशील बघत नाहीत.

२४ जानेवारी
आमच्या धंद्यात माती पास करावी लागते. साच्याआधी घरची माणसं किंवा समितीची माणसं येतात, बघतात, कान मोठे झाले, हनुवटी कमी करा म्हणतात, मगच पुढचं काम. त्यांच्याही आधी जयमाला पास करायची. चहाचा कप घेऊन तिन्ही बाजूंनी बघायची आणि नुसतं हं म्हणायची. त्या हं वरून कळायचं. वाईट हं असला की मी दोन दिवस बोलायचो नाही आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप नाक उतरवायचो. तिनं पास केलेला एकही पुतळा परत आला नाही, हे मान्य करतो.
आता तिचीच माती तिला कशी दाखवणार? स्वतःच पास केली.
शेजारच्या कडूबाई डोकावून गेल्या. म्हणाल्या, भीमराज, तुझ्या आईचा पुतळा लई ग्वाड केलास रं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय.

२ फेब्रुवारी
फायबरचं काम झालं, ब्राँझ कलर मारला. नाव दिलं 'ती'. आधी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, घरगुती वाटावं म्हणून. मग प्रज्ञा म्हणेल, मम्मी पुतळ्यातही ओट्यापाशीच का, हे मनात आलं आणि बैठकीत आणला. तीळ राहिला. डावं-उजवं ठरेना.
जयमालाला व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवली. दोन निळ्या खुणा. तासाभरानं उत्तर, बघते. म्हणजे येतेच.

८ फेब्रुवारी, शनिवार
उद्घाटन. बजरंग फ्लेक्सवाल्याला समकालीन शिल्पप्रदर्शन सांगितलं होतं, त्यानं स्वतःच्या मनानं पुढं भव्य जोडलं. खुर्च्या चाळीस, माणसं अकरा. त्रिशरण-पंचशील झालं, उद्घाटनाला बोलावलेल्या गुरुजींनी तासभर स्वतःच्या शाळेवर भाषण केलं. नंतर लोक सोफ्यावर बसले, कुणीतरी टीव्ही लावला. घर म्हटल्यावर लोक घरासारखेच वागणार. एका बाईनं 'ती' बघून विचारलं, ऑर्डर कुठली?
जयमाला आली नाही. रिक्षा मिळाली नसेल.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
आली होती.
तीनला. घरात कुणी नव्हतं. साडी नवीन होती का माहीत नाही. चहा तिनंच टाकला, मला साखरेचा डबा सापडेना. मग कप घेऊन सगळ्या खोल्या फिरली. 'ती'समोर थांबली. तिन्ही बाजूंनी बघितलं.
हं म्हणाली. मग म्हणाली, बाईचे कान छान जमलेत, पण चेहरा बोलत न्हाई. कुठली हाय? घरच्यांनी माती पास केली का?
मी म्हटलं, केली.
म्हणाली, मग झालं. त्यांना ओळखू आली म्हंजे झालं.
ही तूच आहेस, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. पुतळ्याकडं बघत राहिलो. तिनं सगळ्या खोल्यांवरून परत एकदा नजर फिरवली आणि विचारलं, यात माझं काही केलंय का? मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. ती बरं म्हणाली. कप विसळून पालथा घातला. पाचची रिक्षा गाठायची म्हणाली.
दारात चप्पल घालताना चष्मा पुसायला काढला, तेव्हा मी तिच्याकडं बघितलं. नीट बघितलं.

मघाशी कडूबाई आल्या. म्हणाल्या, जयमाला दुपारी त्यांच्याकडं कपड्यांची मोठी बॅग ठेवून गेली होती. आधी घरात जाऊन बघते, मग बॅग नेते म्हणाली होती. साडेचारला आली आणि बॅग उचलून रिक्षाकडं गेली. काय झालं रं?
मी म्हटलं, काही नाही.

तीळ गालावर नाहीच. हनुवटीवर आहे, खालच्या बाजूला. तिच्या डावीकडं.