पायरीवरच्या चपला

औरंगपुरा, औरंगाबाद
चैत्र, सोमवार

प्रिय गोदे,

आईचं एवढं जाड पाकीट बघून घाबरू नकोस, घरात कुणी आजारी नाही. आप्पांचे गुडघे होते तसेच कुरकुरतात, माझा चष्मा बदलला, आणि ह्या वर्षी उन्हाळा लवकर पेटलाय, एवढंच नवीन. तू घरी यावंस म्हणून लिहिते आहे. तू म्हणशील, हे तर आई दर पत्रात लिहिते. खरं आहे. पण ह्या वेळी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला तसं म्हणायला तोंड नाही, आणि त्या गोष्टीकडं यायला जरा लांबून यावं लागणार आहे. शाळेत तू मुलांना मुद्द्याचं लिहा म्हणून दटावत असशील, आईला तेवढी सूट दे.

तुझ्या आप्पांचं राजकारण अनवाणी सुरू झालं, हे तू भाषणांत ऐकलं असशील. भाषणात ते फार मोठं वाटतं. मी पाहिलं ते असं, की मी नवी नवरी, पैठणजवळच्या आपल्या गावात, आणि हे नदीपलीकडच्या कॅम्पात निजामाविरुद्ध लढायला गेलेले. पोलीस ॲक्शन झाली आणि काही दिवसांनी दाढी वाढलेला एक माणूस दारात उभा राहिला. मी तर ओळखलंच नाही, पदर ओढून आत पळाले. गोदावरी फुगलेली होती, ती उतरताना ह्यांच्या वहाणा वाहून गेल्या होत्या. तुझ्या आजीनं, दगडाबाईंनी, ओवाळायच्या आधी लेकाचे पाय धुतले आणि म्हणाल्या, "लई चाललास बाबा, आता घरी बस." ते काही बसले नाहीत. पुढं तू झालीस तेव्हा म्हणाले, नदीनं माझ्या वहाणा नेल्या, मी तिचं नाव घेतो. म्हणून तू गोदावरी.

पहिली निवडणूक ह्यांनी बैलगाडीतून लढवली. निवडून आले आणि हैदराबादला जायला लागले. येताना माझ्यासाठी लाखेच्या बांगड्या आणत, तुझ्यासाठी काही आणायचं विसरत, मग माझ्यातल्याच दोन तुझ्या हातात घालत, त्या कोपरापर्यंत जात. मग राज्यं बदलली, हैदराबाद गेलं, मुंबई आली. तीच पत्र्याची ट्रंक, फक्त गाडीची दिशा बदलली. मुंबईत ह्यांची एक गंमत झालेली तुला माहीत नसेल. शिक्षण सगळं उर्दूतून, त्यामुळं भाषणाचे मुद्दे मराठी, पण लिहिलेले उर्दू अक्षरांत. शेजारच्या आमदारानं कागदात डोकावून बघितलं आणि ह्यांना विचारलं, आपण उजवीकडून डावीकडं बोलता का. हे घरी येऊन ते सांगून इतके हसले की ठसका लागला. त्या वेळी हे हसत असत, गोदे. आपल्याशी हसायला त्यांना वेळ होता.

मग औरंगपुऱ्यातलं हे घर घेतलं आणि पायरीवर चपला यायला लागल्या. बाकीच्यांच्या घरी पाहुणे यायचे, आपल्याकडं चपला यायच्या. माणसं पुढच्या खोलीत, ती काही मला दिसायची नाहीत, पण चपलांवरून मी सांगायचे. चिखलानं जड झालेल्या वहाणा म्हणजे गावाकडची माणसं, त्यांना आधी पाणी. करकरीत बूट म्हणजे साहेबलोक, त्यांना बिस्किटं. एकच जोड, तोही कोपऱ्यात अंग चोरून ठेवलेला, म्हणजे कुणाची तरी विधवा बाई, तिला मी आत स्वयंपाकघरात बोलवायचे. तू शाळेतून यायचीस ती कोपऱ्यावरूनच पायरी बघत. चपला असल्या की मागच्या बोळातून मागच्या दारानं यायचं, हा नियम मीच घालून दिला होता. दप्तर आपटून विचारायचीस, आज पण आहेत का. एकदा तू प्रत्येक जोडातली एकच चप्पल उचलून कौलांवर फेकलीस, आणि सिल्लोडकडची पाच-सहा माणसं लंगडी घालत गल्लीत उभी राहिली. तुला मी मारलं. ह्यांना कळलं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि तू रडून झोपली होतीस.

मंत्री झाले तेव्हा तुझं लग्न होऊन गेलं होतं. आधी राज्यमंत्री, मग कॅबिनेट. लाल दिव्याची गाडी गल्लीत वळत नव्हती, कोपऱ्यावर थांबायची आणि हे तिथून चालत यायचे, अर्धा तास लागायचा तेवढ्या वाटेला, प्रत्येक पावलाला कुणीतरी अर्जी घेऊन उभं. मला वाटायचं, हे असंच चालणार. गाव तेवढं ह्यांचं, दुःख तेवढं ह्यांचं, रस्ते, विहिरी, शाळांच्या खोल्या, सगळं ह्यांना तोंडपाठ. परभणीत तुझं घर कुठल्या गल्लीत आहे, हे मात्र ड्रायव्हरला माझ्याकडून विचारून घ्यावं लागायचं. हे तक्रार म्हणून नाही लिहीत. म्हणजे, थोडं तक्रार म्हणूनच लिहिते.

त्याच काळात तू एकदा अचानक आलीस. नेहमी मागच्या दारानं यायचीस, त्या दिवशी पुढच्या दारानं आलीस. मागून आली असतीस तर थेट माझ्या ओट्यापाशी आली असतीस आणि मी हाताला धरून तुला ह्यांच्यापुढं उभं केलं असतं. दारावरचा आपला कडूबा नेमका सुट्टीवर होता. नव्या माणसानं तुला ओळखलं नाही, बाकावर बसवलं, आणि तूही बसलीस. तुझी पाळी आली. हे कुठल्याशा कागदावर सही करत होते. मान वर न करता म्हणाले, "बोला, काय काम काढलंत?" तू म्हणालीस, काही नाही, सहज आले होते. तेवढ्यात ह्यांनी वर बघितलं, अगं गोदे म्हणाले, पण फोन वाजला. तू आत आलीस, माझ्याबरोबर जेवलीस, उन्हाचीच एसटी गाठलीस. मला तू ह्यातलं अवाक्षर सांगितलं नाहीस. मला हे ह्यांनी सांगितलं, आणि तेही आत्ता, गेल्या आठवड्यात. त्या दिवसानंतर तू येत नाहीस असं नाही. लग्नकार्याला येतेस, आहेर आणतेस, पंगतीला बसतेस आणि परक्यासारखी निघतेस. त्या दिवशी तू काय सांगायला आली होतीस, ते मला आजही माहीत नाही.

मंत्रिपद गेलं, पुढच्या खेपेला तिकीट कापलं. हे हट्टानं अपक्ष उभे राहिले आणि आपल्याच गावात मागं पडले. त्याचं फार काही नाही, निवडणूक म्हटलं की कुणीतरी पडणारच. पण पायरी रिकामी कशी होते ते मी बघितलं. आधी बूट गेले, ते तर निकालाच्या संध्याकाळीच. मग चकचकीत सँडल गेल्या. गावाकडच्या वहाणा बरेच दिवस येत राहिल्या, मग त्याही दुसऱ्या दारांना लागल्या, त्यांनाही कामं असतातच की. कडूबा म्हातारा झाला, लेकाकडं गेला. मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं दिल्या. तरी हे रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, डोक्यावर टोपी ठेवून पुढच्या खोलीत बसतात. खुर्च्या मांडलेल्या असतात. पंखा चालू असतो. पेपर वाचून झाला की पुन्हा पहिल्या पानापासून वाचतात. गल्लीतून कुणी गेलं की मान वर होते, पावलं पुढं गेली की खाली येते. मी आतून बघत असते. बाईमाणसाला असं बघत बसण्याची सवय असते गं, पण ह्यांना तसं बसलेलं बघण्याची सवय मला नाही.

एके दिवशी लग्नपत्रिका वाटत एक माणूस आला, आपल्या पायरीशी थबकला, रिकामी पायरी बघितली आणि शेजारच्या घरात गेला. बहुतेक त्याला वाटलं असेल, आता इथं द्यायचं कशाला. हे उंबऱ्यापर्यंत आले होते. तसेच मागं फिरले. दुसऱ्या दिवशी मी काय केलं माहीत आहे का? माळ्यावरचा चपलांचा जुना ढीग काढला, कडूबा विसरून गेलेला एक जोड, माझ्या दोन, भाडेकऱ्यांच्या मागून घेतलेल्या काही, आणि पायरीवर मांडल्या. नीट ओळीत नाही, माणसं घाईत काढतात तशा, एक उलटी, एक दुसरीवर चढलेली. एवढ्या वर्षांत मला एवढं तरी येतं. ह्यांनी बाहेर येऊन बघितलं. माझ्याकडं बघितलं. आत गेले, चष्मा पुसला आणि त्या दिवशी पेपर मोठ्यानं वाचला. तेव्हापासून सकाळी मी मांडायची आणि संध्याकाळी ह्यांनी उचलायच्या, असं सुरू झालं. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. तुला हसू येत असेल तर हस, आम्हालाही कधीकधी येतं.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगते. गेल्या आठवड्यात समोरच्या बांगडीवाल्या सरूबाई आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, काल गोदा आली व्हती. पेपर तपासायच्या कामाला आले म्हणली. पायरीपाशी उभी राहिली, चपला बघितल्या, मग मागच्या बोळात गेली. मला वाटलं तिकडून आत गेली आसंल. थोड्या वेळानं बघते तर रिक्षात बसायलीय. हाक मारली तर म्हणली, आप्पांकडं माणसं हायेत, पुन्हा येते." तुझ्या हातात पिशवी होती म्हणे. त्यात ह्यांच्या आवडीचे धपाटे असतील का, ह्याचाच मी दिवसभर विचार करत बसले. गोदे, माणसं नव्हती. एकही नव्हतं. त्या चपला मीच मांडलेल्या होत्या, आणि आत हे एकटे बसले होते. तू नियमानं मागच्या दाराला गेलीस, आणि तिथं भिंत. खोल्या भाड्यानं दिल्या तेव्हा भाडेकऱ्यांना बाजूनं दार काढून दिलं आणि ते दार आम्ही बुजवून घेतलं, तुला कळवायचं राहून गेलं. विटांपुढं उभी राहून तुला काय वाटलं असेल, हेच सारखं मनात येतं.

सरूबाई गेल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून ते उठले, गुडघ्यांवर हात ठेवत बाहेर गेले, सगळ्या चपला टोपलीत भरून आत आणल्या आणि मग मला त्या दिवसाचं ते 'बोला' सांगितलं. सांगताना माझ्याकडं बघत नव्हते. तेव्हापासून पायरी रिकामी आहे, गल्लीला काय वाटायचं ते वाटो. आज पत्र लिहायला बसले तेव्हा विचारलं, तुमच्याकडून काय लिहू. जन्मभर भाषणं केलेल्या ह्या माणसानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तिला म्हणावं, बोल." मी थांबले, मला वाटलं पुढं आणखी सांगतील. तर म्हणाले, "एवढंच. काय आसंल ते बोल म्हणावं. मी ऐकतो." तर बाई, ये. पुढच्या दारानं ये, आणि तुझ्या चपला पायरीवर काढ, सगळ्या गल्लीला दिसतील अशा.

तुझीच,
आई