पडलेल्या घराची किल्ली

मुरुड, रविवार, १२ जानेवारी

आज ऊर भरून आलाय. घरात बोललो तर म्हणतील, म्हातारा नातीचंच कौतुक करून राहिला.

पारावर पेपर वाचताना गाझाच्या बातमीवरून गणपतराव आन् युसूफभाई भांडले, तेव्हापासून दोघं पाराच्या दोन टोकांना बसायचे. लहानपणापासूनचे दोस्त! मलाच घास गोड लागत नव्हता. आज नांदेडला इतिहास शिकणारी माझी नात अश्विनी पारावर आली. हातात त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या आमच्या घराची किल्ली. घर गेलं, पण ती काही मी टाकली न्हाई.

ती म्हणाली, "इस्राएल झाला तेव्हाच्या लढाईत लाखो पॅलेस्टिनी लोकांची घरं सुटली. कुणी पळाले, कुणाला हाकललं. कितीकांनी अशाच किल्ल्या जपल्यात. आन् त्याआधी युरोपात यहुद्यांची कुटुंबंच्या कुटुंबं मारली. उरलेल्यांना परतायला दार नव्हतं."

गणपतराव म्हणाले, "मंग बरोबर कोण, ते सांग की बाई!"

"ते मला एका शब्दात न्हाई सांगता येत, आजोबा. आपलं घर भूकंपानं पाडलं, राग धरायला समोर माणूस नव्हता. त्या दोघांच्याबी समोर माणूस हाय."

युसूफभाईंनी तिच्या हातातली किल्ली घेऊन उलटीपालटी करून बघितली, उठून गणपतरावांच्या हातात दिली, आन् त्यांच्या शेजारीच टेकले.

मी पेपर वाचून वाचून शहाणा झालेला माणूस. मला असं मांडता आलं असतं? छे.

घरी येऊन किल्ली खुंटीला लावायला गेलो, थांबलो. अश्विनीच्या पिशवीत ठेवली. आता तिनंच जपावी.